डॉक्टरांची बाजू मांडायची आहे? आधी केसपेपर वाचायला शिका

करजगीचा माणूस आजारी पडला की पुष्कळदा अक्कलकोटवरून सोलापूर गाठतो. डॉक्टर महाराष्ट्रातला, रुग्ण कर्नाटकातला. उपचारांत काही बिघडलेच, तर तक्रार कलबुरगीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाखल होऊ शकते. मग त्या डॉक्टरला असा वकील शोधावा लागतो, ज्याला मराठी संमतिपत्र वाचता येते, कन्नडमधला जबाब कळतो आणि नर्सिंग चार्टवरची इंग्रजी खरड उलगडता येते. अफजलपूर, आळंद, बसवकल्याण, भालकी, औराद या पट्ट्यातल्या मराठी घरांतून वकील झालेल्या मुलामुलींना या भाषा घरच्याच असतात. तरी त्यांचे प्रश्न दर वर्षी तेच येतात. डॉक्टरांच्या केसेस चालवायला वैद्यकीय पदवी लागते का? सनद महाराष्ट्राची काढावी की कर्नाटकाची? पहिली नोटीस हातात आली की करायचे काय? आणि डॉक्टर खरोखरच चुकला असेल तर? एकेक प्रश्न घेऊ.

हे काम नेमके कुठे चालते?

एकाच घटनेवरून डॉक्टरला पाच दारे झिजवावी लागू शकतात. प्रत्येक दाराचा कायदा, मुदत आणि पुराव्याची पट्टी निराळी असते. म्हणून कागद हाती येताच तो कोणत्या दारातून आला, हे आधी ओळखा.

- ग्राहक आयोग. सर्वांत जास्त काम इथेच असते. १९९५ च्या व्ही. पी. शांता निवाड्याने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. २०१९ च्या नव्या कायद्यातही ती कायम आहे.
- दिवाणी न्यायालय. नुकसानभरपाईचा दावा. सगळ्यांना सरसकट मोफत उपचार देणारे सरकारी रुग्णालय ग्राहक कायद्याबाहेर राहते, पण दिवाणी दाव्यातून सुटत नाही.
- पोलीस आणि फौजदारी न्यायालय. रुग्ण दगावला असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०६.
- वैद्यक परिषद. डॉक्टरची नोंदणी ज्या राज्यात, त्या राज्याची परिषद. इथे भरपाई मिळत नाही. नाव काही काळासाठी किंवा कायमचे नोंदवहीतून जाऊ शकते.
- रुग्णालय नोंदणीचे प्राधिकरण. कर्नाटकात खासगी रुग्णालये २००७ च्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखाली येतात. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणापुढे जाते.

नव्या वकिलाची नेहमीची चूक अशी: एका दारात दिलेला जबाब दुसऱ्या दारात पोहोचणार नाही असे धरून चालणे. तो पोहोचतोच. पाचही ठिकाणी डॉक्टरची हकिगत एकच राहिली पाहिजे.

वैद्यकीय पदवी लागते का?

लागत नाही. शरीररचना आणि औषधांची तोंडओळख, केसपेपर वाचण्याचा सराव आणि न कळलेले डॉक्टरला निःसंकोच विचारण्याची सवय, एवढे पुरते. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा वैद्यकीय कायदा व नीतिशास्त्राचा पदव्युत्तर डिप्लोमा दूरशिक्षणाने करता येतो. तो वकिली सांभाळून होतो, आणि त्याचा उपयोगही होतो.

उलट प्रश्नही येतो: ‘मी डॉक्टर आहे, तीन वर्षांची एलएलबी केली आहे, दवाखाना चालवून वकिली करू का?’ नाही करता येणार. मुंबईच्या एका शल्यविशारदाने हाच आग्रह धरला होता. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलने सनद नाकारली आणि १९९६ मध्ये चुलानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो नकार कायम केला. दोन्ही व्यवसाय पूर्णवेळ लक्ष मागतात, हे त्यामागचे कारण. वकिली हवी असेल तर वैद्यकीय व्यवसाय थांबवावा लागेल.

सनद कोणत्या राज्याची?

कलबुरगीच्या सेठ शंकरलाल लाहोटी विधी महाविद्यालयात शिकलात काय किंवा सोलापूरच्या दयानंदमध्ये शिकलात काय, पदवी दोन्हीकडे चालते. सनदेबाबत चार गोष्टी लक्षात ठेवा.

- वकील कायद्याचे कलम ३० हे १५ जून २०११ पासून लागू आहे. एका राज्याची सनद असली की देशातल्या कोणत्याही न्यायालयात वकिली करता येते. महाराष्ट्राची सनद घेऊन कलबुरगीत वकीलपत्र दाखल करायला आडकाठी नाही.
- कायमचा मुक्काम बदलणार असाल, तर कलम १८ नुसार नाव दुसऱ्या राज्याच्या यादीत हलवून घ्या. दोन्ही याद्यांत एकाच वेळी नाव ठेवता येत नाही.
- नावनोंदणीसाठी खुल्या प्रवर्गाकडून ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींकडून १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. ३० जुलै २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा आहे. जास्त मागितले तर त्या निवाड्यावर बोट ठेवा.
- तात्पुरत्या नोंदणीनंतर दोन वर्षांत अखिल भारतीय वकिली परीक्षा उत्तीर्ण व्हा.

निवड करायची ती रोज कुठल्या न्यायालयात बसणार यावरून. कर्नाटकातल्या कनिष्ठ न्यायालयांत कन्नडला पर्याय नाही. बोलता येते पण लिहिता-वाचता येत नाही, अशी आपल्याकडच्या अनेकांची स्थिती असते. वर्षभर रोज एक कन्नड निकालपत्र मोठ्याने वाचा. महाराष्ट्रातली पुरशीस कर्नाटकात मेमो होते आणि रोजनाम्याला ऑर्डरशीट म्हणतात. असे शब्द पुस्तकात सापडत नाहीत, ते न्यायालयात बसूनच अंगवळणी पडतात.

सीमेमुळे पडणाऱ्या तीन गाठी

१. अधिकारक्षेत्र. जुन्या ग्राहक कायद्यात डॉक्टर जिथे, तिथे तक्रार करावी लागे. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ ने तक्रारदाराला तो स्वतः राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रारीची मुभा दिली. त्यामुळे ‘उपचार सोलापुरात झाले, कलबुरगी आयोगाला अधिकार नाही’ हा आक्षेप आता टिकत नाही. त्यावर पाने खर्च करू नका. मात्र तक्रारदार खरोखर त्या जिल्ह्यात राहतो का, हे कागदावरून तपासा.

पैशांची मर्यादाही समजून घ्या. ती मागितलेल्या भरपाईवरून ठरत नाही, दिलेल्या मोबदल्यावरून ठरते. डिसेंबर २०२१ पासून जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख आणि राज्य आयोगाची २ कोटी रुपये आहे. बिल ६० हजारांचे असेल, तर ६० लाखांची मागणीही जिल्हा आयोगातच चालेल. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारदाराला शुल्क पडत नाही.

२. पॅथी. महाराष्ट्रात आयुर्वेद पदवीधरांना ॲलोपॅथीची औषधे देण्याची मुभा राज्याच्या कायद्याने आणि अधिसूचनांनी दिलेली आहे. ही मुभा ज्या त्या राज्यापुरती असते, हे १९९८ च्या मुख्तियार चंद निवाड्याने स्पष्ट केले. नदी-नाला ओलांडून पलीकडच्या गावात दवाखाना थाटणाऱ्या वैद्याला हे कोणी सांगत नाही, तुम्ही सांगा. मुंबईतल्या पूनम वर्मा प्रकरणात होमिओपॅथने ॲलोपॅथीची औषधे दिली आणि रुग्ण दगावला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की जी पॅथी शिकलो नाही ती वापरणे हाच निष्काळजीपणा. वेगळा पुरावा नको. अशा प्रकरणात डॉक्टरच्या बचावाला जागा फार थोडी उरते.

३. रुग्णालयाची नोंदणी. सोलापूरकडे १९४९ चा महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा, अफजलपूरकडे कर्नाटकाचा २००७ चा कायदा. डॉक्टरच्या शाखा दोन्हीकडे असतील, तर दोन्ही नोंदणीपत्रे आणि त्यांच्या मुदती पाहा. नूतनीकरण राहून गेलेले असेल तर उपचार निर्दोष असूनही उलटतपासणीत डॉक्टर बॅकफूटवर जातो.

पाठ असावेत असे निवाडे

जाड ग्रंथांची रांग लागत नाही. पुढचे निवाडे मुळातून वाचा. सारांशांवर विसंबू नका.

- लक्ष्मण जोशी विरुद्ध त्र्यंबक गोडबोले, १९६८. १९५३ मध्ये पालशेतच्या किनाऱ्यावर पाय मोडलेल्या तरुणाला पुण्याला आणले आणि उपचारांत तो दगावला. भरपाई ३ हजार रुपयांची होती, पण डॉक्टरची तीन कर्तव्ये इथेच आखली गेली: रुग्ण स्वीकारावा का हे ठरवताना काळजी, उपचार कोणता हे ठरवताना काळजी, तो करताना काळजी.
- जेकब मॅथ्यू, २००५. फौजदारीसाठी निष्काळजीपणा ढोबळ स्वरूपाचा असला पाहिजे. पोलिसांनी आधी निःपक्ष, शक्यतो सरकारी सेवेतल्या त्या शाखेच्या डॉक्टरचे मत घ्यावे. सरसकट अटक करू नये.
- समीरा कोहली, २००८. तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेला पुरत नाही. रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर येऊ शकत असताना नातेवाइकाची सही चालत नाही, जिवाला तातडीचा धोका असेल तेवढा अपवाद.
- कुसुम शर्मा, २०१०. निदानातली प्रत्येक चूक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, याची तत्त्वे एका ठिकाणी मिळतात.
- व्ही. किशन राव, २०१०. ग्राहक आयोगापुढे प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत लागतेच असे नाही. ‘तज्ज्ञाचा अहवाल नाही म्हणून तक्रार फेटाळा’ एवढाच बचाव घेऊन उभे राहू नका.

आणखी एक सावधगिरी: २०२३ चे नवे वैद्यकीय आचार नियम त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगित झाले. २००२ चे नियमच लागू आहेत. आंतररुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षे जपणे आणि मागितल्यावर ७२ तासांत देणे, हे त्यांतच आहे.

पहिली नोटीस आली की

1. पाकीट जपा. नोटीस आणि तक्रारीची प्रत कोणत्या तारखेला मिळाली, ते लिहून ठेवा. लेखी जबाबाची मुदत ३० दिवस. आयोग आणखी १५ दिवसच वाढवू शकतो. ४६ व्या दिवशी दार बंद. मार्च २०२० मध्ये घटनापीठाने हे पक्के केले आहे. चांगल्या डॉक्टरची चांगली बाजू केवळ तारीख चुकल्याने ऐकली जात नाही, याहून लाजिरवाणे वकिलाला दुसरे काही नाही.
2. मूळ कागद ताब्यात घ्या. केसपेपर, भूलतज्ज्ञाची नोंद, नर्सिंग चार्ट, संमतिपत्र, तपासण्या, रेफर चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड, बिले. पानांना क्रमांक घाला आणि स्कॅन करून मूळ प्रती कुलपात ठेवा.
3. तासागणिक तक्ता करा. रुग्ण किती वाजता आला, कोणी पाहिले, नाडी-रक्तदाब किती, निर्णय कधी, कळवले कोणाला. या तक्त्यातल्या रिकाम्या जागा म्हणजेच समोरच्या वकिलाचे प्रश्न.
4. डॉक्टरला एकट्याला भेटा. नातेवाईक आणि कंपाउंडर बाहेर. ‘वकिलाला सांगितलेले गोपनीय राहते’ हे आधी सांगा, म्हणजे खरे बाहेर येईल.
5. विमा कंपनीला लेखी कळवा. व्यावसायिक विमा बहुधा दावा ज्या काळात येतो त्या काळच्या पॉलिसीवर चालतो. उशिरा कळवले किंवा कंपनीला न विचारता चूक कबूल केली, तर संरक्षण जाऊ शकते.
6. तटस्थ तज्ज्ञ गाठा. डॉक्टरचा मित्र नको. ‘यात काय चुकले?’ असे विचारा; ‘यात काही चुकले नाही ना?’ असे विचारलेत तर हवे तेच उत्तर मिळेल.
7. जबाब परिच्छेदवार लिहा. ‘सर्व आरोप खोटे’ हे वाक्य प्रत्येक जबाबात असते आणि कोणी वाचत नाही. तारीख, वेळ, पानाचा क्रमांक दाखवून उत्तर द्या.

मामला फौजदारी असेल, तर डॉक्टरची नोंदणी आधी पाहा. कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून वैद्यकीय प्रक्रियेदरम्यान घडले असेल तर दोन वर्षांपर्यंत. पण ही सवलत राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याखालची पदवी आणि नोंदणी असलेल्यांनाच आहे. आयुर्वेद वा होमिओपॅथीचा पदवीधर त्या व्याख्येत बसत नाही.

हे कदापि करू नका

- केसपेपरला हात लावू देऊ नका. मागाहून घातलेली एक ओळ संपूर्ण फाईल बुडवते. शाई, अक्षर आणि रुग्णाने आधीच मोबाइलवर काढलेला फोटो खोटेपणा उघडा पाडतात. नोंद राहून गेली असेल तर ती राहून गेली असेच सांगा.
- निकालावर फी ठरवू नका. ‘जिंकलो तर इतके’ हा करार बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही.
- जाहिरात करू नका. दवाखान्यांत कार्डे वाटणे हा व्यावसायिक गैरवर्तनाचा मार्ग आहे.
- दोन्हीकडून खेळू नका. ज्या रुग्णालयाची अंतर्गत माहिती तुम्हाला आहे, त्याच्याविरुद्ध रुग्णाचे वकीलपत्र घेऊ नका.
- तक्रारदाराला हिणवू नका. समोर मूल गमावलेली आई असते. उलटतपासणी कागदावर ठेवा, तिच्या अंगठ्यावर किंवा अडाणीपणावर नको.

लढायचे की मिटवायचे?

कलबुरगी जिल्ह्यातल्या तांड्यांवरच्या तरुण बायकांची गर्भाशये गरज नसताना काढली गेल्याच्या तक्रारी २०१५ च्या सुमारास गाजल्या, चौकश्या झाल्या. पुढे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी स्वीकारावीत, असा आदेश दिला. हे आपल्या पट्ट्यातले वास्तव आहे. डॉक्टरांचा वकील म्हणजे प्रत्येक डॉक्टरला धुतल्या तांदळासारखा ठरवणारा नव्हे. चुकीच्या डॉक्टरलाही बचावाचा हक्क आहे. खोट्या बचावाचा हक्क कोणालाच नाही.

निर्णयासाठी तीन प्रश्न विचारा:

- संमती रुग्णाच्या भाषेत, त्याला समजेल अशी घेतली आहे का?
- तासांच्या तक्त्यात धोक्याच्या वेळी डॉक्टर हजर दिसतो का?
- तटस्थ तज्ज्ञ शपथेवर उभा राहील का?

तिन्हींचे उत्तर ‘होय’ असेल तर लढा. दोहोंचे ‘नाही’ असेल तर तडजोडीचा सल्ला लेखी द्या, आणि विमा असेल तर कंपनीची संमती घेऊन बोलणी करा. इथे एक खाच आहे. ग्राहक कायद्यात मध्यस्थीची सोय असली, तरी मृत्यू किंवा गंभीर इजा झालेली वैद्यकीय निष्काळजीपणाची प्रकरणे मध्यस्थीकडे पाठवू नयेत, असे २०२० चे नियम सांगतात. तिथे उभय पक्षांनी आपसात तडजोड करून ती आयोगापुढे नोंदवावी लागते. हरल्यावर अपील करायचे तर ४५ दिवसांत, आणि ठरलेल्या रकमेचा निम्मा भाग आधी भरून. हा खर्चही डॉक्टरला सुरुवातीलाच सांगा.

पक्षकार येतात कुठून?

पहिली दोन-तीन वर्षे डॉक्टर तुमच्याकडे येणार नाहीत. ते सिनियरकडे येतात आणि फाईल तुम्ही तयार करता. म्हणून ग्राहक आयोगात नियमित उभे राहणारा सिनियर निवडा. मोटार अपघाताच्या दाव्यांवर हात बसवा. अपंगत्वाचे दाखले आणि डॉक्टरांची उलटतपासणी तिथे रोज होते. काही महिने रुग्णांच्या बाजूनेही काम करा. समोरचा कुठे बोट ठेवतो ते कळते. पुढे विमा कंपनीच्या पॅनेलसाठी अर्ज करा.

टिकाऊ काम मात्र नोटिशीच्या आधीचे असते. आयएमएच्या तालुका शाखेने बोलावले तर संमतिपत्रावर बोला. मराठी-कन्नड दोन्ही भाषांत संमतिपत्राचा मसुदा, रेफर चिठ्ठीवर वेळ घालण्याची सवय, ‘सल्ला न मानता घरी नेले’ ही नोंद कशी करावी, इतके शिकवलेत तरी डॉक्टरची निम्मी भीती जाते.

आणि एक गोष्ट डॉक्टर तुम्हाला हमखास ऐकवतील: १४ मे २०२४ च्या निवाड्याने वकिलांची सेवा ग्राहक कायद्याबाहेर ठेवली, डॉक्टरांची मात्र आतच राहिली. टोमणा खरा आहे. त्याला एकच उत्तर शोभते: तुमची फाईल त्यांच्या केसपेपरपेक्षा नीट ठेवा.

सुरुवात करायला सनदेचीही वाट पाहू नका. येत्या आठवड्यात एक दिवस कलबुरगी, बीदर किंवा सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात मागच्या बाकावर बसा आणि वैद्यकीय प्रकरणात डॉक्टरला विचारलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरवा. संध्याकाळी त्यातले किती प्रश्न केसपेपरवरून निघाले, ते मोजा.